साध्या टीव्हीला इंटरनेटची वायर कशाला?

मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून चिंचोटी फाट्याला वळले, की रस्ता कामणमार्गे भिवंडीकडे निघतो. एका अंगाला तुंगारेश्वरचे डोंगर, रस्त्याच्या कडेला गोदामे आणि गाळे, त्यांच्या मागे चाळी आणि आत डोंगराकडे पाडे. इथल्या एखाद्या घरात भिंतीवरचा साधा ३२ इंची टीव्ही रंगकामासाठी खाली उतरवला जातो आणि तेव्हा पहिल्यांदाच कुणाचे तरी लक्ष त्याच्या पाठीकडे जाते. तिथे एक चौकोनी खाच असते. वर ‘लॅन’ असे छापलेले असते. संगणकाला इंटरनेटची वायर लागते, तशीच ती खाच. टीव्ही तर स्मार्ट नाही, यूट्यूब दिसत नाही, वायफाय नाही. मग ही जागा कशाला?

शेजारच्या घरात प्रश्न उलटा असतो. तिथल्या टीव्हीला अशी खाच मुळीच नाही, तरी केबलवाल्याच्या पावतीवर टीव्ही आणि इंटरनेट हे दोन्ही एकत्र लिहिलेले असतात. साध्या टीव्हीचे इंटरनेटशी नाते जुळते ते चार ठिकाणी: टीव्हीच्या स्वतःच्या खाचेत, एचडीएमआय केबलवर छापलेल्या एका शब्दात, घरात आलेल्या फायबरच्या डब्यात आणि टीव्हीला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्समध्ये किंवा स्टिकमध्ये. या चारांतले आपल्या घरात नेमके कोणते आहे हे कळले, तर नको त्या वायरीवर, नको त्या प्लॅनवर आणि नको त्या नव्या टीव्हीवर जाणारे पैसे वाचतात.

आधी टीव्हीची पाठ पाहावी

वीज बंद करून टीव्ही थोडा पुढे ओढावा आणि खाच नीट पाहावी. लॅनची खाच साधारण १२ मिलिमीटर रुंद असते आणि आत ओळीने आठ बारीक सोनेरी तारा दिसतात. तिच्यापेक्षा अरुंद, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी खाच दिसली, तर ती इंटरनेटची नव्हे. ती बहुधा दुरुस्ती करणाऱ्या कारागिरासाठी किंवा हॉटेलातल्या नियंत्रणासाठी दिलेली असते. तिच्यात लॅनची वायर दाबून बसवू नये. आतल्या तारा वाकतात.

खाच लॅनचीच असेल तर रिमोटवरून सेटिंग्ज उघडून ‘नेटवर्क’ असा मथळा शोधावा. तो असेल आणि त्यात आयपी पत्ता दिसत असेल, तर टीव्हीला जाळ्यात शिरता येते. मथळा नसेल, तर एक सोपी चाचणी आहे. राउटरपासून आलेली वायर खाचेत लावावी, टीव्ही चालू करावा आणि राउटरवरचा त्या वायरीचा दिवा पाहावा. दिवा लागला तर खाचेमागचे इलेक्ट्रॉनिक्स जिवंत आहे, पण कंपनीने या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ते वापरायला दिलेले नाही. दिवा लागलाच नाही, तर त्या खाचेचा विचार सोडून द्यावा.

वापरायला द्यायची नव्हती तर खाच ठेवली कशाला? याचे उत्तर कारखान्यात मिळते.

चिंचोटीहून कामण, अंजूरफाटा, भिवंडी असे करत वाड्याच्या रस्त्याला लागले की कुडूस येते. ओनिडा हे नाव घरोघरी पोचवणाऱ्या, १९८१ साली सुरू झालेल्या मिर्क इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना तिथे, म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यात. मराठवाड्यात पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. हे कारखाने उभे राहिले तो काळ काचेच्या जड पिक्चर ट्यूबचा. त्या टीव्हीच्या पाठीला अँटेनाची एक खाच आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन गोल खाचा असल्या, की काम भागत असे. सपाट पॅनेल आले आणि टीव्हीच्या पोटात संगणक शिरला. चित्र उलगडणे, आवाज वेगळा काढणे, मेन्यू दाखवणे ही सगळी कामे एकच चिप करू लागली. त्या चिपवर बहुतेक वेळा लिनक्स ही संगणकप्रणाली चालते. अनेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत जीपीएल परवान्याचा मजकूर छापलेला असतो, तो यासाठीच.

अशी चिप आणि तिचे सर्किट बोर्ड एका मॉडेलसाठी बनत नाहीत. स्वस्त आणि महाग मॉडेले, वेगवेगळे देश, वेगवेगळे ब्रँड या सगळ्यांसाठी एकच बोर्ड थोड्याफार फरकाने वापरला जातो. युरोपात २०१० पासून एचबीबी टीव्ही नावाचे मानक आहे. रिमोटवरचे लाल बटण दाबले की चुकलेला कार्यक्रम किंवा जादा माहिती वाहिनीकडून इंटरनेटवरून येते. त्यासाठी तिथे विकायच्या टीव्हीला सहसा लॅनची खाच दिलेली असते. बोर्ड तोच राहिला, की खाचही राहते.

दुसरे कारण घरातल्या घरातले आहे. सोनी आणि इंटेल यांच्या पुढाकाराने २००३ साली डीएलएनए नावाची कंपन्यांची संघटना उभी राहिली. संगणकातले फोटो, गाणी, व्हिडिओ घरातल्याच वायरीवरून टीव्हीवर दिसावेत, एवढाच तिचा हेतू होता. २०१० च्या आसपास विकलेल्या अनेक टीव्हींमधली लॅनची खाच या कामासाठी होती. बाहेरचे इंटरनेट तिला लागतच नाही. राउटर चालू असला की पुरे. ही संघटना २०१७ साली विसर्जित झाली, पण त्या काळातले टीव्ही अजून भिंतींवर आहेत. घरात लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ साठवलेला संगणक असेल, तर त्यांचा हा उपयोग आजही होतो.

तिसरे कारण टीव्हीच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती. ती पेनड्राइव्हवरूनही होते आणि लॅनवरूनही.

वसई-विरारच्या पट्ट्यात चौथेही एक कारण संभवते. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट आहेत, महामार्गालगत लॉज आहेत. हॉटेलांसाठी बनवलेल्या टीव्हींना लॅनची खाच असते, कारण सगळ्या खोल्यांतले टीव्ही एका जागेवरून चालवायचे असतात. असा टीव्ही जुन्या बाजारातून घरी आला, की आवाज एका आकड्यापुढे जात नाही, वाहिन्या शोधण्याचा मेन्यू उघडत नाही, एचडीएमआयवर जाता येत नाही. यात टीव्ही बिघडलेला नसतो, ‘हॉटेल मोड’ चालू असतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तो काढून घ्यावा आणि आवाज शेवटपर्यंत चढवून पाहावा.

केबलवरचा फसवा शब्द

एचडीएमआय केबल घ्यायला गेले की काही पाकिटांवर ‘हाय स्पीड विथ इथरनेट’ असे छापलेले दिसते. इथरनेट म्हणजे इंटरनेटची वायर, तेव्हा ही केबल लावली की टीव्हीत नेट येईल, असा समज सहज होतो.

त्या छापील शब्दाला आधार आहे. २००९ साली एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती आली आणि तिच्यात चित्र-आवाजाबरोबर सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने नेटही नेण्याची सोय लिहिली गेली. त्यासाठी १९ पिनांपैकी १४ आणि १९ क्रमांकाच्या पिना वापरायच्या होत्या. मात्र ही सोय टीव्हीत आणि समोरच्या डब्यात, दोन्हीकडे असावी लागते आणि उत्पादकांनी ती फारशी दिलीच नाही. तोवर वायफाय स्वस्त झाले होते. याच तारांच्या जोडीवरून टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेण्याचीही सोय आहे आणि आज ‘इथरनेटसह’ केबलचा खरा उपयोग तेवढाच आहे. साउंडबार नसेल, तर त्या एका शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

एकाच काचेतून टीव्ही आणि नेट

आता पावतीचा प्रश्न. मुंबईत केबलचे डिजिटल रूपांतर ऑक्टोबर २०१२ अखेरपर्यंत करायचे ठरले आणि देशातला शेवटचा टप्पा मार्च २०१७ पर्यंत चालला. त्याच काळात केबलवाल्यांच्या तांब्याच्या जाड वायरींची जागा फायबर घेऊ लागले. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार, तिच्यातून वीज नव्हे तर प्रकाश धावतो. अनेक ठिकाणी एकाच काचेतून तीन वेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकमेकांत न मिसळता प्रवास करतात. १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर इंटरनेट घरात येते, १३१० च्या प्रकाशावर घरातून बाहेर जाते आणि १५५० च्या प्रकाशावर टीव्हीच्या वाहिन्या येतात. हे प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीत, पण डोळ्यांना घातक ठरू शकतात. म्हणून निघालेल्या फायबरच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये आणि मुलांनाही पाहू देऊ नये.

भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या डब्यात, ज्याला ओएनटी म्हणतात, हे प्रकाश वेगळे होतात. डब्याला लॅनच्या खाचांबरोबर आटे असलेली एक गोल खाच असेल, तर टीव्हीची वायर तिथून निघते. त्या वायरीत इंटरनेट नसते. ती सेट-टॉप बॉक्सला जाते आणि बॉक्समधून साध्या टीव्हीला. पावतीवर टीव्ही आणि इंटरनेट एकत्र असते, कारण दोन्ही एका काचेतून येतात. टीव्हीच्या वाट्याला त्यातला फक्त १५५० चा प्रकाश आलेला असतो.

हे माहीत असले की बिघाड कुठे आहे ते घरबसल्या ओळखता येते. डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर बाहेरचा प्रकाशच पोचत नाही. फायबर तुटले किंवा वाकले आहे, कारागीर लागणारच. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर आहे, टीव्ही चालतो, पण मोबाइलला नेट नाही, तर गडबड इंटरनेटच्या खात्यात किंवा राउटरमध्ये आहे. नेट चालते आणि टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ दिसते, तर आधी गोल खाचेचे आटे हाताने घट्ट करावेत, मग बॉक्सचे रिचार्ज तपासावे. महावितरणची वीज गेली की ओएनटीही बंद पडतो. घरात इन्व्हर्टर नसेल तर त्याच्यापुरता १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस बसवता येतो.

छत्री, पाऊस आणि बॉक्सची रिकामी खाच

पाड्यांवर, जिथे केबल पोचलेली नाही, तिथे छपरावर छत्री दिसते. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, आज ती डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. चिंचोटीच्या जागेवरून हिशेब केला तर छत्रीचे तोंड आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर धरावे लागते. हा कोन इतका उंच आहे, की डोंगर सहसा आड येत नाही. आड येते ते अंगणातले आंब्याचे किंवा चिंचेचे झाड, आणि तेही आग्नेयेला असेल तरच. पावसाळ्यात पालवी दाट झाली, की उन्हाळ्यात नीट चालणारी छत्री रुसते ती त्यामुळे.

मुसळधार पावसात चित्र गोठते, त्याचे कारण वेगळे आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या उच्च कंपनसंख्येच्या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. सर ओसरली की चित्र आपोआप परतते. त्यासाठी छत्री हलवू नये आणि भर पावसात छपरावर तर चढूच नये.

खासगी डीटीएच कंपन्यांच्या काही सेट-टॉप बॉक्सना लॅनची खाच असते, काहींना वायफायही. वाहिन्या उपग्रहावरून येतात. नेट लागते ते चुकलेला भाग पाहायला, चित्रपट मागवायला आणि ओटीटी अॅप चालवायला. खाच रिकामी ठेवली म्हणून एकही वाहिनी कमी होत नाही. ‘नेट जोडल्याशिवाय बॉक्स नीट चालणार नाही’ असे सांगून कुणी महागडा प्लॅन गळ्यात मारू लागला, तर नेमकी कोणती वाहिनी बंद राहील, असे थेट विचारावे.

नवा टीव्ही घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट उपयोगाची आहे. भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. त्यानुसार उपग्रहाचा ट्यूनर टीव्हीच्या आतच असतो. छत्रीची वायर सरळ टीव्हीला जोडायची, मोफत वाहिन्यांसाठी वेगळा बॉक्स नको आणि इंटरनेटही नको. फक्त बातम्या आणि मोफत वाहिन्या पाहणाऱ्या घराने दुकानात असा ट्यूनर आहे का, हे आवर्जून विचारावे.

स्टिक लावण्यापूर्वीचा हिशेब

साध्या टीव्हीवर यूट्यूब हवे असेल, तर नवा टीव्ही घ्यायची गरज नाही. एचडीएमआयची एक मोकळी खाच आणि घरात वायफाय एवढे असले की त्या खाचेत बसणारी, वायफायवरून चित्र आणणारी छोटी स्टिक पुरते. एचडीएमआय नसलेल्या जुन्या टीव्हीसाठी तीन रंगांच्या वायरीची सोय असलेला बॉक्स घ्यावा लागतो.

स्टिक वारंवार बंद-चालू होते, ही नेहमीची तक्रार. पुष्कळदा दोष विजेचा असतो. टीव्हीच्या साध्या यूएसबी खाचेतून साधारण अर्धा अँपिअर वीज मिळते, स्टिकला सुमारे एक अँपिअर लागते. सोबत आलेला अॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटला लावला की तक्रार बहुधा मिटते.

डेटाचा हिशेब मात्र बसून करावा. नेटफ्लिक्सच्या आकड्यांनुसार साध्या दर्जाच्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि अल्ट्रा एचडीला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचा दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल आणि हॉटस्पॉटवरून एचडी पाहिले, तर अर्ध्या तासात दिवसाचा वाटा संपतो. साध्या दर्जावर ठेवले तर तोच डेटा दीड तास टिकतो, आणि ३२ इंची पडद्यावर आठ-दहा फुटांवरून मालिका पाहताना हा दर्जा चालून जातो. रोज दोन-तीन तास पाहणारे घर असेल, तर मोबाइलपेक्षा घरचे ब्रॉडबँड स्वस्त पडते.

कमी किमतीत ‘सगळे चित्रपट आयुष्यभर फुकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी अँड्रॉइड बॉक्सपासून लांब राहावे. अशा स्वस्त यंत्रांत कारखान्यातून निघतानाच घातक सॉफ्टवेअर भरलेले सापडले आहे. जर्मनीच्या सायबर सुरक्षा खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये अशा सुमारे ३०,००० यंत्रांचा संपर्क तोडला. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने सावधगिरीची सूचना काढली. असे यंत्र घरच्या वायफायमध्ये शिरले, की चोरटे आपल्या घरचा इंटरनेटवरचा पत्ता वापरून भलतेच व्यवहार करू शकतात. बॉक्स घेताना त्याच्या प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये तो ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणित आहे का, हे दुकानातच उघडून पाहावे.

टीव्हीला नेट द्यायचे, की डब्याला?

टीव्हीची लॅनची खाच जिवंत निघाली, तरी तिला वायर लावण्याआधी एक प्रकरण माहीत असावे. अमेरिकेतल्या व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. पडद्यावर काय चालले आहे, याची सेकंदासेकंदाची नोंद १ कोटी १० लाख टीव्हींमधून कंपनी गोळा करत होती, तीही ग्राहकाला नीट न सांगता. केबल, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी अशा कोणत्याही मार्गाने आलेले चित्र टीव्ही ओळखत असे. आधी विकलेल्या टीव्हींमध्येही ही सोय दूरवरून घालण्यात आली होती.

यातून घरासाठी सरळ रीत निघते. नेट हवे तर ते स्टिकला किंवा बॉक्सला द्यावे, टीव्हीची स्वतःची खाच मोकळी ठेवावी. मग टीव्ही फक्त पडदा राहतो आणि बाहेर काहीही पाठवू शकत नाही. स्टिक तिच्यावर काय पाहिले याची नोंद ठेवू शकते, पण केबलवर काय पाहिले ते तिला कळत नाही. टीव्हीला नेट द्यावेच लागले, तर सेटिंग्जमध्ये ‘पाहण्याची माहिती’ किंवा ‘आवडीनुसार जाहिराती’ अशा अर्थाचे पर्याय बंद करावेत. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती घेण्याआधी संमती मागण्याचे तत्त्व आणले आहे. तेव्हा पहिल्यांदा टीव्ही चालू करताना येणाऱ्या प्रत्येक पाटीला ‘मान्य’ म्हणण्याची घाई नको.

पावसाआधीचे एक काम

मृगाच्या तोंडावर डोंगराकडून गडगडाट सुरू झाला, की घराघरांतून टीव्हीचा प्लग काढला जातो. पण छत्रीची वायर आणि लॅनची वायर लागलेलीच राहते. दोन्ही तांब्याच्या असतात आणि जवळपास पडलेल्या विजेचा झटका त्यांच्यातूनही आत येतो. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, मात्र ओएनटीचा अॅडॉप्टर विजेच्या सॉकेटला असतोच. म्हणून गडगडाट जवळ येण्याआधी टीव्ही, बॉक्स आणि ओएनटी यांचे प्लग, छत्रीची वायर आणि लॅनची वायर हे सगळे काढून ठेवावे. डोक्यावर विजा चमकू लागल्यावर या वायरींना हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवते. ते मोबाइलवर असू द्यावे.

वायरी काढल्यावर परत लावताना गोंधळ होतो. त्यासाठी आजच कागदी चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना ‘छत्री’, ‘नेट’, ‘बॉक्स ते टीव्ही’ असे लिहून चिकटवावे आणि पाठीचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. सेट-टॉप बॉक्सचा ग्राहक क्रमांक आणि शेवटच्या रिचार्जची पावतीही त्याच फोटोंसोबत ठेवावी. न मागितलेला प्लॅन लावला गेला, तर आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे पहिल्यांदा हीच कागदपत्रे विचारली जातात.